पाठकोऱ्या कागदावर उरलेला तत्त्वज्ञ

जानेवारी २०२५ च्या अखेरीस अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स एका मुलाखतीत म्हणाले, की माणसानं आधी घरच्यांवर प्रेम करावं, मग शेजाऱ्यांवर, मग आपल्या समाजावर, मग देशबांधवांवर, आणि त्यानंतर उरलेल्या जगाचं पाहावं. विषय स्थलांतरितांचा चालला होता आणि ही ख्रिस्ती शिकवण आहे असं त्यांचं म्हणणं होतं. दोन आठवडे उलटायच्या आत, १० फेब्रुवारीला, पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेतल्या बिशपांना पत्र लिहिलं. व्हान्स यांचं नाव त्यात नव्हतं, पण रोख कळण्यासारखा होता: ख्रिस्ती प्रेम म्हणजे एका केंद्राभोवती हळूहळू रुंदावत जाणारी हितसंबंधांची वर्तुळं नव्हेत.

मग वादाला तोंड फुटलं. संत ऑगस्टिन काय म्हणाले, टॉमस अक्वायनस काय म्हणाले, याचे दाखले दोन्ही बाजूंनी निघाले. पण ही एकात एक वर्तुळं जितक्या तपशिलात एका माणसानं काढून दाखवली आहेत तितकी जुन्या काळातल्या दुसऱ्या कुणी काढलेली आपल्या हाती नाहीत, आणि तो माणूस ख्रिस्ती नव्हताच. तो ग्रीक भाषेत लिहिणारा स्टोइक तत्त्वज्ञ होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. नाव हिरोक्लिस. त्याचं एकही पुस्तक आज पूर्ण उरलेलं नाही. जे उरलंय ते कसं उरलं याची गोष्ट त्याच्या विचाराइतकीच वाचण्यासारखी आहे. शिवाय ती ठाऊक असली की ही वर्तुळं अर्धवट का सांगितली जातात तेही लक्षात येतं.

स्टोइक म्हणजे ओसरीवाले

इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपास सायप्रस बेटावरून आलेला झेनो नावाचा माणूस अथेन्सच्या बाजारचौकात एका खांबांच्या ओसरीत शिकवू लागला. ओसरीच्या भिंतींवर चित्रं होती. अशा ओसरीला ग्रीकमध्ये ‘स्टोआ’ म्हणतात, म्हणून त्या मंडळींना नाव पडलं स्टोइक. नाव एवढंच साधं आहे.

शिकवण थोडक्यात अशी: जगाची रचना विवेकानं चालते, माणसाच्या वाट्यालाही तो विवेक आलाय, आणि त्याला धरून जगणं हेच चांगलं जगणं. पैसा, आरोग्य, कीर्ती असली तर बरी, पण चांगुलपणा त्यांच्यावर अवलंबून नाही. पुस्तकांच्या दुकानात आज या पंथाची तीन नावं हमखास दिसतात: सेनेका, एपिक्टेटस आणि सम्राट मार्कस ऑरेलियस. तिघंही रोमन काळातले, म्हणजे पंथ सुरू झाल्यानंतर साडेतीनशे-साडेचारशे वर्षांनी झालेले. त्यातल्या एपिक्टेटसनं तर स्वतः काहीच लिहिलं नाही, त्याच्या शिष्यानं टिपणं काढली म्हणून तो आपल्याला माहीत.

पायाचे दगड मात्र हरवले. पंथाला खरा आकार देणारा ख्रिसिपस. त्यानं ७०५ ग्रंथ लिहिले अशी नोंद प्राचीन चरित्रकार डायोजिनिस लाएर्टियस करतो. (ग्रंथ म्हणजे पपायरसची एकेक गुंडाळी, आपल्या हिशेबानं एखादं मोठं प्रकरण.) त्यातला एकही पूर्ण उरलेला नाही. गंमत पुढेच आहे. डायोजिनिसनं त्या ग्रंथांची यादी दिली होती, आणि त्याच्या पुस्तकाचा तो भागच शेवटाला तुटलाय. हरवलेल्या पुस्तकांची यादीसुद्धा अर्धी हरवलेली!

पुस्तक हरवतं म्हणजे काय होतं?

आपल्या डोळ्यांपुढे लगेच जळणारं ग्रंथालय उभं राहतं. बहुतेक पुस्तकं तशी मेली नाहीत. ती दुर्लक्षानं मेली. पपायरस म्हणजे नाईलकाठच्या एका लव्हाळ्यासारख्या वनस्पतीच्या पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटवून केलेला कागद. दमट हवेत तो फार टिकत नाही. त्यामुळे दर काही पिढ्यांनी कुणीतरी बसून हातानं नवी प्रत करायची, तरच पुस्तक पुढे जायचं. ज्याची नक्कल करावी असं कुणाला वाटलं नाही ते संपलं. तिसऱ्या शतकानंतर स्टोइक शाळा ओस पडत गेल्या आणि पुढच्या शिक्षकांना प्लेटो-ॲरिस्टॉटल हवे होते. तेवढं कारण पुरलं.

अशा लेखकाचं जे उरतं त्याला अभ्यासक ‘तुकडे’ म्हणतात. हा एकच पारिभाषिक शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा, कारण तुकडा म्हणजे फाटका कागदच असेल असं नाही. समजा, आजीची पाककृतींची वही गहाळ झाली. माळ्यावर तिची दोन-चार पानं मिळाली, हा झाला एक प्रकार. आत्या सांगते, “आई लोणच्याला मोहरी अशी फेसायची,” हा दुसरा: प्रेमानं दिलेलं अवतरण. आणि आजीशी कधीच न पटलेली शेजारीण म्हणते, “मीठ फार घालायच्या हो त्या,” हा तिसरा. ख्रिसिपसच्या बाबतीत ही शेजारीण म्हणजे ग्रीक लेखक प्लुटार्क. स्टोइक लोक स्वतःलाच कसे खोडतात हे दाखवायला त्यानं एक अख्खं पुस्तक लिहिलं, आणि खोडून काढण्यासाठी उतरवलेली ख्रिसिपसची वाक्यं आज आपल्या ठेवीत जमा आहेत. चार्वाकांचं मत आपल्याला बरंचसं त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून कळतं, तसंच हे.

हिरोक्लिसच्या नशिबी पहिले दोन प्रकार आले. दोन्हींची वाट अगदी वेगळी.

पाठकोरा

पपायरसची गुंडाळी सहसा आतल्या बाजूनं लिहीत, जिथे तंतू आडवे जातात आणि बोरू सरळ चालतो. बाहेरची बाजू कोरी राहायची. आपल्या घरात एका बाजूनं छापलेले कागद मुलांच्या कच्च्या कामाला ठेवतात, त्याला आपण पाठकोरे म्हणतो. पपायरस स्वस्त नव्हता, त्यामुळे तिथेही हाच व्यवहार चालायचा.

१९०१ मध्ये अशी एक गुंडाळी इजिप्तमधून बर्लिनच्या संग्रहात पोचली. ती मिळवली लुडविग बोरखार्ट यांनी. पुढे १९१२ मध्ये राणी नेफरतितीचा तो जगप्रसिद्ध अर्धपुतळा ज्यांना सापडला तेच हे. गुंडाळीला क्रमांक मिळाला ९७८०. आतल्या बाजूला होती डिडिमस नावाच्या पंडितानं अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस याच्या भाषणांवर लिहिलेली टीका, म्हणजे विवरण. या डिडिमसनं साडेतीन हजारांवर ग्रंथ लिहिले असं म्हणत. लोक त्याला ‘पितळी आतड्यांचा’ म्हणत, आणि ‘पुस्तकविसऱ्या’सुद्धा, कारण आधीच्या पुस्तकात आपण काय लिहिलंय हे त्याच्याच लक्षात राहत नसे. त्याचंही जवळजवळ सगळं बुडालं. ही गुंडाळी म्हणजे त्याचाही मोठा वारसा.

तिच्या पाठीवर, वेगळ्या हातानं, दुसराच मजकूर होता. शीर्षक: हिरोक्लिसची ‘नीतीची मुळाक्षरं’.

दुसऱ्या शतकातल्या इजिप्तमध्ये कुणालातरी हे पुस्तक हवं होतं आणि नव्या पपायरसला पैसे घालायचे नव्हते, किंवा घालता येत नव्हते. त्यानं जुन्या टीकेची पाठ वापरली. त्या काटकसरीमुळे आज आपल्याकडे स्टोइक नीतिविचाराची सलग मांडणी आहे, पंथातल्याच माणसाच्या शब्दांत आणि पायरी-पायरीनं. मजकुराचे साधारण अकरा स्तंभ उरलेत. सुरुवातीचे बरे, पुढचे विरत गेलेले. १९०६ मध्ये हान्स फॉन आर्निम यांनी तो छापला आणि १९९२ मध्ये गुइदो बास्तियानिनी व अँथनी लाँग यांनी पुन्हा नीट वाचून काढला.

मुलासाठी केलेली वही

दुसरी वाट घरगुती आहे. पाचव्या शतकात स्टोबी गावचा (आजच्या उत्तर मॅसेडोनियात) जॉन नावाचा एक गृहस्थ होता. आपल्या सेप्टिमियस नावाच्या मुलाला वाचलेलं लक्षात राहावं म्हणून त्यानं शेकडो लेखकांतले वेचे विषयवार उतरवून मोठी वही केली. ‘लग्नाविषयी’, ‘भावांविषयी’, ‘आईवडिलांविषयी’ असे मथळे आणि त्याखाली निवडक उतारे. मुलाचा अभ्यास कितपत सुधारला कोण जाणे, पण बापाची वही टिकली. तिच्यात हिरोक्लिसचे लांब लांब उतारे आहेत. वर्तुळांचा उतारा तिथलाच.

मात्र कित्येक शतकं ते उतारे भलत्याच माणसाच्या नावावर जमा होते. पाचव्या शतकात अलेक्झांड्रियात दुसरा एक हिरोक्लिस होऊन गेला, प्लेटोच्या परंपरेतला आणि जास्त प्रसिद्ध. नाव एकच, तेव्हा लिखाण त्याचंच असणार, असं लोक धरून चालले. सातबाऱ्यावर एकाच नावाचे दोघं निघाले की काय होतं ते आपण पाहतोच. कार्ल प्रेश्टर या जर्मन अभ्यासकानं हे उतारे कसून तपासले आणि दाखवून दिलं की यातली परिभाषा, उदाहरणं, विचार सगळं स्टोइक आहे. लेखक तो नव्हे, त्याच्या सुमारे तीन शतकं आधीचा कुणी वेगळाच हिरोक्लिस आहे. प्रेश्टरचं पुस्तक निघालं १९०१ मध्ये, म्हणजे ती गुंडाळी बर्लिनला पोचली त्याच वर्षी. असं कथेत लिहिलं असतं तर संपादकानं ओढूनताणून आणलंय म्हणून परत पाठवलं असतं.

हिरोक्लिसच्या आयुष्याबद्दल बाहेरचा दाखला म्हणावा तर जवळजवळ एकच. रोमन लेखक ऑलस गेलियस सांगतो की त्याचे गुरू टॉरस यांच्यासमोर सुखालाच ध्येय मानणाऱ्या एपिक्युरस या तत्त्वज्ञाचा विषय निघाला की ते हिरोक्लिसचं एक वाक्य म्हणून दाखवायचे: “सुख हेच ध्येय, हे वेश्येचं मत. दैवी योजना नाहीच, हे तर वेश्येचंही मत नाही.” गेलियस त्याला ‘पवित्र आणि गंभीर माणूस’ म्हणतो. वाक्य बोचरं आहे, आणि मला तर ते त्याच्या सौम्य उताऱ्यांवर उतारा म्हणून बरंच वाटतं. वर्तुळं काढणारा हा गृहस्थ सगळ्यांना पोटाशी धरणारा संत नव्हता.

गुंडाळीत काय आहे: बैल, पांघरूण आणि अंधारातली मुलं

नीतीवरचं पुस्तक म्हटल्यावर आपण उपदेशाची तयारी करून बसतो. हिरोक्लिस सुरुवात करतो गर्भापासून. पोटातला जीव झाडासारखा वाढतो, तो म्हणतो, आणि जन्मताच प्राणी होतो. प्राणी आणि बाकीच्या गोष्टींत फरक दोन: प्राण्याला जाणीव असते आणि ओढ असते. मग प्रश्न येतो की प्राण्याला सगळ्यात आधी जाणीव कशाची होते?

बाहेरच्या जगाची, असं आपण पटकन म्हणू. त्याचं उत्तर आहे: स्वतःची.

पुरावे तो गोठ्यातले आणि अंथरुणातले देतो. बैलाला शिंगं कशासाठी आहेत हे कुणी शिकवत नाही, लढायची वेळ आली की तो तीच पुढे करतो. आपल्याला काही पाहायचं असलं तर आपण डोळे वळवतो, कान नाही. चालायला पाय उचलतो, हात नाही. आपल्या कुठल्या अवयवाचं काम काय, ही समज विचार करण्याच्याही आधीची आहे. प्राण्यांना दुसऱ्याच्या ताकदीचाही अंदाज असतो. सिंह बैलाशी भिडतो तेव्हा शिंगांवर नजर ठेवतो, रानगाढवाशी भिडतो तेव्हा लाथेवर.

झोपेचं काय? झोपेत तर काहीच कळत नाही, असं कुणी म्हणेल. त्यावर तो थंडीतला माणूस दाखवतो. पांघरूण सरकलं तर गाढ झोपेतही तो ओढून घेतो. जखम असली तर ती दुखणार नाही अशा बेतानं कूस बदलतो. पहाटे अमुक वेळेला उठायचं असं ठरवून झोपलेला त्या वेळेला जागा होतो. कंजूष झोपेतही पैशांची पिशवी मुठीत धरून असतो. एसटीच्या रात्रीच्या गाडीत पिशवी पोटाशी घेऊन झोपलेल्या बायका ज्यानं पाहिल्यात त्याला हे वेगळं पटवावं लागणार नाही.

आणि एक जागा अशी आहे, जिथे मी दर वेळी थांबतो. लहान मुलांना अंधाऱ्या, बंद खोलीत ठेवलं तर ती का घाबरतात? हिरोक्लिस म्हणतो, ती डोळे-कान ताणून पाहतात, काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही, आणि मग आपणच नाहीसे झालो असं त्यांना भासतं. बागुलबुवाची भीती वेगळी आणि आपण नसण्याची भीती वेगळी. अठराशे वर्षांपूर्वी कुणीतरी मुलाच्या रडण्याकडे इतकं नीट पाहिलं होतं.

स्वतःची जाणीव आहे म्हणजे स्वतःविषयी ओढही आहे, ही पुढची पायरी. आपल्याच अंगावरचं गळू, त्याची घाण, दुसऱ्याची असती तर आपण तोंड फिरवलं असतं. स्वतःचं असलं की आपण ते निमूट पुसतो.

या ओढीला स्टोइकांचा शब्द आहे ‘ओइकेइओसिस’. तो ‘ओइकोस’ म्हणजे घर यावरून आलाय. इंग्रजी अनुवादकांनी यासाठी बरेच शब्द वापरून पाहिलेत आणि दर वेळी खाली तळटीप द्यावी लागलीय. मराठीत तो अडचण करत नाही. ‘आपलेपणा’ म्हटलं की काम झालं, आणि घराचा धागाही ठेवायचा असेल तर ‘घरोबा’ आहेच. प्राण्याचा पहिला घरोबा स्वतःशी, एवढंच त्या अवघड शब्दाचं म्हणणं.

वर्तुळं

आता वहीतला उतारा. आपल्यापैकी प्रत्येक जण अनेक वर्तुळांनी वेढलेला आहे, असं तो सांगतो. सगळ्यात आतलं, केंद्राला जवळजवळ चिकटलेलं वर्तुळ म्हणजे आपल्या मनाभोवतीचं: आपलं शरीर आणि शरीरासाठी लागणाऱ्या गोष्टी. दुसऱ्यात आईवडील, भावंडं, बायको, मुलं. तिसऱ्यात काका-मामा, आत्या-मावश्या, आजी-आजोबा, भाचे-पुतणे, चुलत-मावस भावंडं. मग बाकीचे नातेवाईक. मग आपल्या वस्तीतले, आपल्या कुळातले, आपल्या नगरातले लोक. मग शेजारच्या गावांचे. मग आपल्या वंशाचे. आणि सगळ्यांना पोटात घेणारं शेवटचं वर्तुळ अख्ख्या मानवजातीचं.

बहुतेक लेखांत, चर्चांत, तक्त्यांत हे चित्र इथे संपतं. वर्तुळं काढली, आतले जवळचे, बाहेरचे लांबचे, झालं.

हिरोक्लिससाठी ही नुसती मोजणी आहे. काम पुढे सुरू होतं. ही वर्तुळं केंद्राकडे ओढायची, तो म्हणतो. नेट लावून बाहेरच्या वर्तुळातल्या माणसांना आतल्या वर्तुळात आणायचं. तिसऱ्यातल्यांना दुसऱ्यातल्यांसारखं वागवायचं, त्यापुढच्यांना तिसऱ्यातल्यांसारखं. रक्ताचं अंतर वाढलं की जिव्हाळा कमी होतो हे तो नाकारत नाही. म्हणूनच नेट लावायला सांगतो.

हे करायचं कसं, याची युक्तीही त्यानं दिलीय, आणि ती वाचून मराठी माणसाला हसू येईल. हाका बदला! चुलत भावाला नुसतं भाऊ म्हणा. काकाला बाबा म्हणा, मावशीला आई. लांबच्या नातेवाइकांना वयाप्रमाणे काका किंवा पुतण्या करा. हाक बदलली की मनातलं अंतरही कमी व्हायला मदत होते, असं त्याचं म्हणणं.

आपल्याकडे चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ हे सगळे मुळातच ‘भाऊ’ आहेत. भाजीवालीला मावशी, रिक्षावाल्याला काका किंवा दादा, शेजारणीला काकू, हे आपण दिवसातून दहा वेळा न ठरवता करतो. हिरोक्लिसला हे शिकवावं लागत होतं, यावरून त्याच्या भोवतीच्या समाजाबद्दलही काही कळतं.

याच उताऱ्यात आणखी एक बारकावा आहे. आईवर माया जास्त असावी, वडिलांना मान जास्त द्यावा, आणि तेच पुढे चालवून आईकडच्या नातेवाइकांवर जास्त माया करावी, वडिलांकडच्यांना जास्त मान द्यावा. मामा-मावशीकडे लाड, काका-आत्यांसमोर पाय नीट घेऊन बसणं. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण त्यानं ऐकली असती तर उताऱ्यात घातली असती.

“म्हणजे आधी घरचे, मग बाहेरचे, असंच ना?”

व्हान्स आणि पोप यांच्या वादात हिरोक्लिसला कुठल्या बाजूला बसवायचं? क्रम आहे हे तो मान्य करतो, त्यामुळे ‘आधी घर’ म्हणणाऱ्यांना तो आपला वाटेल. पण त्याच्या लेखी क्रम ही आपली सुरुवातीची अवस्था आहे, नियम नव्हे. आपण जन्माला येतो तेव्हा ओढ स्वतःपासून सुरू होते, एवढंच ती वर्तुळं सांगतात. कर्तव्य सुरू होतं ते अंतर कमी करण्यापासून. पसरत जाणारी वर्तुळं पोपनी नाकारली, आणि हिरोक्लिसची वर्तुळं तर आकसणारी आहेत. माझ्या मते त्याला अर्धा वाचून कुणाच्याही बाजूनं उभं करणं ही त्याच्यावर दुसऱ्यांदा केलेली मोडतोड आहे. पहिली वाळवीनं केली.

“हाक मारल्यानं कुणी काका होतो का?”

आक्षेप रास्त आहे, आणि पुरावा आपल्याच घरात आहे. आपण मामाच्या मुलीला मामेबहीण म्हणतो आणि कित्येक घरांत तिच्याशीच लग्नही ठरवतो. म्हणजे शब्दात बहीण असली म्हणून नातं बहिणीचं होतंच असं नाही. रिक्षावाल्या काकांशी दोन रुपयांवरून आपण कसे भांडतो तेही सांगायला नको.

पण हाकेनं नातं तयार होतं असा हिरोक्लिसचा दावा नाही. मुख्य काम वागण्याचं, हाक त्याला जोड. त्या काकांशी भांडताना एकेरीवर यायला जीभ जरा अडखळते. त्याला एवढंच हवं होतं.

वागण्याचीही एक सोपी चाचणी तो देतो: समोरचा म्हणजे मी आणि मी म्हणजे समोरचा, असं धरून बघ. भाऊ वाईट वागतो? त्याच्या जागी बस. गुलामाशी कसं वागावं? आपण गुलाम आणि तो मालक असता तर आपल्याला कसं वागवलेलं आवडलं असतं, तसं.

इथे मात्र थांबून एक गोष्ट बोलायलाच हवी. गुलामाच्या जागी स्वतःला ठेवून पाहणारा हा माणूस गुलामगिरीच का असावी, असं विचारत नाही. घरकामाचंही तसंच. शेत, बाजार, नगर पुरुषाचं आणि सूत, स्वयंपाक बाईचा, अशी वाटणी तो आधी मान्य करतो. मग म्हणतो, दोघांनी एकमेकांच्या कामांत हातही लावावा, आणि ज्या पुरुषाला आपल्या पुरुषपणाची खात्री आहे त्यानं लोकरीच्या कामालाही लाजू नये. त्या काळच्या मानानं धीट, आजच्या मानानं अर्ध्या वाटेवर. वर्तुळं ओढायला सांगणाऱ्यालाही आपलं केंद्र कुठे रोवलंय ते नेहमी दिसत नाही.

“सगळे सारखे, हे माणसाला जमणारच नाही”

हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात जड आक्षेप. तो आलाय त्याच बर्लिनच्या संग्रहातून. हिरोक्लिसची गुंडाळी क्रमांक ९७८०, तर क्रमांक ९७८२ वर प्लेटोच्या एका संवादावर कुणा अनामिकानं लिहिलेली टीका आहे. तो टीकाकार स्टोइकांना कोपऱ्यात घेतो. मायसिया हा आजच्या वायव्य तुर्कस्तानातला प्रदेश, आणि ‘मायसियातला शेवटचा माणूस’ हा ग्रीकांचा क्षुद्रातल्या क्षुद्र माणसासाठीचा वाक्प्रचार. टीकाकार विचारतो, स्वतःविषयी जितका आपलेपणा तितकाच त्या लांबच्या मायसियन माणसाविषयी असतो का? असतो म्हणाल, तर ते रोजच्या अनुभवाविरुद्ध आहे. नसतो म्हणाल, तर न्याय या आपलेपणावर उभा करता येत नाही. जहाज बुडालं आणि दोघांतला एकच वाचणार असेल, तर काय कराल?

हिरोक्लिसनं या टीकेला उत्तर दिलंय का? नाव घेऊन नाही. पण ‘अंतर वाढलं की जिव्हाळा कमी होतो’ हे वाक्य पाहता सगळे समान असा हट्ट त्याचा नव्हता. पूर्ण समान नाही, पण आत्ता आहेत त्यापेक्षा एक घर आत. दर वेळी एकच घर. बुडत्या जहाजाचा प्रश्न यानं सुटत नाही हे उघड आहे. रोजचे प्रश्न मात्र जहाजाचे कमी आणि वर्षानुवर्षं न भेटलेल्या चुलतभावाचे जास्त असतात.

गुंडाळी जिथे तुटते

ओढ स्वतःपासून सुरू होते, हे पपायरसवर आहे. ती सगळ्या माणसांपर्यंत न्यावी, हे वहीत आहे. या दोन टोकांमधला पूल कसा बांधायचा? स्वतःवरचं प्रेम दुसऱ्यावरचं प्रेम होतं तरी कसं? हा स्टोइक नीतिविचारातला कळीचा प्रश्न, आणि पाठकोऱ्या बाजूवरचा मजकूर नेमका तिथे पोचताना विरतो. शेवटच्या स्तंभांत एवढं लागतं की आपलेपणाचे प्रकार असतात: स्वतःविषयी सदिच्छा, आप्तांविषयी माया, वस्तूंबाबत निवड. माणूस हा समूहात राहणारा प्राणी आहे, असंही तो म्हणू लागतो. पुढे डाग आणि भोकं.

मग नव्या तंत्रानं काही हाती लागेल का, हा साहजिक प्रश्न. इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत कोळसा झालेल्या, हर्क्युलेनियम या प्राचीन नगरातल्या गुंडाळ्या न उलगडता, क्ष-किरण आणि संगणकाच्या मदतीनं वाचल्याच्या बातम्या आपण २०२३ पासून वाचतोय. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यासाठी तीन विद्यार्थ्यांना सात लाख डॉलरचं बक्षीसही मिळालं. ख्रिसिपससाठी ही आशेची बातमी आहे, कारण तिथल्या संग्रहात त्याच्या ग्रंथांचे भाग आधीच ओळखले गेलेत, त्यात ‘दैवी योजनेविषयी’ या ग्रंथाचेही. हिरोक्लिसला मात्र तिचा उपयोग नाही. ज्वालामुखीचा तो स्फोट इसवी सन ७९ चा, आणि हिरोक्लिस त्यानंतरच्या शतकातला. त्याचं पुस्तक त्या राखेखाली असूच शकत नाही.

त्याच्यासाठी उरते इजिप्तची कोरडी वाळू, आणि संग्रहालयांच्या पेट्यांमधले अजून नीट न वाचलेले पपायरस. त्यांतले बरेचसे हिशेब, पावत्या, अर्ज, करारपत्रं असे आहेत. ते उलटून पाठही बघावी लागते.